विश्लेषण : मुंबईच्या कातळात बेडूक कसा सापडला? खडकांतील जीवाश्मांवरून जुना परिसर कसा ओळखतात?

मरोळ नाक्याच्या भुयारी मेट्रो स्थानकात सरकत्या जिन्याने उतरायला मिनिटभर पुरते. हा जिना ज्या कातळातून खाली गेला आहे तो तयार झाला, तेव्हा मुंबई नावाची बेटे नव्हती, सह्याद्री आजच्या रूपात नव्हता आणि भारताचा भूखंड हिंदी महासागरात विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. तरीही इथे पाणी होते, त्या पाण्यात बेडूक होते, कासवे होती, काठावर झाडे होती, हे आज खात्रीने सांगता येते. ते कसे? आणि ज्या पुराव्यावरून हे कळले, तो पुरावा मुंबईत आता कुठे शिल्लक आहे?

मरोळ-अंधेरीच्या जमिनीखाली नेमके काय आहे?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्वालामुखीच्या लाव्हारसाने बनला आहे. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या थरांना ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. रायगडापासून अजिंठ्यापर्यंत दिसणारा काळा कातळ तो हाच. मुंबईत मात्र चित्र थोडे गुंतागुंतीचे आहे. इथे काळ्या बेसाल्टबरोबर ज्वालामुखीची राख घट्ट होऊन झालेला खडक (टफ), राखेत दगडांचे तुकडे अडकून झालेला खडक (ब्रेचिया) आणि साकीनाका, मनोरी भागात सापडणारा ट्रॅकाइट हा वेगळ्या जातीचा ज्वालामुखी खडकही आहे.

मरोळच्या रहिवाशांना यातील एक खडक पाहायला लांब जावे लागत नाही. सीप्झजवळची महाकाली किंवा कोंडिविट्याची लेणी अशाच ब्रेचियात कोरलेली आहेत. भिंत जवळून पाहिली तर तो एकजिनसी कातळ नाही हे ध्यानात येते. पश्चिमेला अंधेरीत सुमारे ६१ मीटर उंचीची गिल्बर्ट हिल उभी आहे. तिचे उभे खांब लाव्हारस थंड होताना आकसून, तडकून तयार झाले. पण लेणी असोत वा टेकडी, हे झाले अग्नीतून जन्मलेले खडक. बेडकाची गोष्ट या खडकांच्या मधल्या फटीत आहे.

तापलेल्या लाव्हारसात जीवाश्म टिकतो कसा?

लाव्हारसात सहसा टिकत नाही. हजार अंशांच्या आसपास तापमान असलेल्या रसात कुठल्याही प्राण्याचे हाड शिल्लक राहणे अवघड. मात्र दख्खनचे ज्वालामुखी सलग धगधगत नव्हते. एक उद्रेक झाला की मध्ये मोठा काळ शांततेचा जाई. त्या काळात थंड झालेल्या कातळावर पाऊस पडे, खोलगट जागी पाणी साचे, कातळ झिजून माती होई, झाडे उगवत, प्राणी येत. तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षे बारीक गाळ बसत राही आणि मेलेले जीव त्यात गाडले जात. पुढचा उद्रेक झाला की नवा लाव्हारस या सगळ्यावरून वाहून जाई. वरचा गाळ भाजून निघे, पण खालचा झाकला जाई. एका अर्थाने लाव्हाने तळे संपवले आणि त्यानेच त्याच्यावर झाकणही ठेवले.

दोन लाव्हाथरांच्या मध्ये अडकलेल्या अशा गाळथरांना ‘अंतरा-ट्रॅपी थर’ म्हणतात. घाटातून प्रवास करताना काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा अनेकांनी पाहिला असेल. तोही दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीचाच पुरावा आहे. कातळ झिजून झालेली ती लाल माती आहे. फरक इतकाच की, लाल पट्टा उघड्यावर झिजलेल्या जमिनीचा असतो आणि थर धरून बसलेला बारीक गाळ पाण्याचा.

मुंबईचा बेडूक कुणी नोंदवला?

जागा वरळीची आणि साल १८४७. ‘डायनोसॉर’ हे नाव देणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्या वर्षी मुंबई बेटावरून आलेल्या चिमुकल्या बेडकांच्या अवशेषांचे वर्णन प्रसिद्ध केले. रेल्वेच्या कामासाठी मुंबईत असलेले अभियंता जी. टी. क्लार्क यांनी मुंबई बेटाच्या भूरचनेवर लिहिले होते, त्याला जोड म्हणून हे टिपण आले. ओवेन यांनी बेडकाला ‘राना पुसिला’ म्हटले. लॅटिनमध्ये पुसिला म्हणजे इवलीशी. १९३० मध्ये जी. के. नोबल यांनी हा बेडूक आजच्या ‘राना’ गटातला नाही हे ओळखून त्याला ‘इंडोबॅट्राकस’ असे नवे नाव दिले.

बेडकापाठोपाठ कासव आले. मुंबईत नोकरीस असलेले शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूरचनेवर सविस्तर लेख लिहिला आणि त्यात एका जीवाश्म कासवाची नोंद केली. आज ते ‘कार्टरेमिस’ या नावाने, म्हणजे कार्टर यांच्याच नावाने ओळखले जाते. त्या काळी मुंबईत टेकड्या फोडून भराव घालणे, बांध आणि नाले बांधणे सुरू होते. खोदकामात आतले थर उघडे पडले आणि ते पाहायला जाणकार नजर हजर होती, म्हणून या नोंदी झाल्या.

एका बेडकावरून अख्खा परिसर कसा कळतो?

यामागचे तर्कशास्त्र पोलीस पंचनाम्यासारखे आहे. काय सापडले, कुठल्या स्थितीत सापडले आणि आजूबाजूला काय होते, हे तिन्ही पाहावे लागते.

पहिला प्रश्न : हा जीव कुठे जगू शकतो? बेडकाची त्वचा पाणी शोषते, त्याच्या अंड्याला कवच नसते. एखाददुसरा अपवाद सोडला तर खाऱ्या पाण्यात बेडूक जगत नाही. त्यामुळे बेडकांचे अवशेष गोड्या पाण्याकडे बोट दाखवतात. म्हणजे ज्या वरळीला आज आपण समुद्राच्या लाटा पाहायला जातो, तिथे एके काळी गोड्या पाण्याचे डबके किंवा तळे होते.

दुसरा प्रश्न : सांगाडा किती शाबूत आहे? बेडकाची हाडे काडीसारखी नाजूक असतात. वाहत्या नदीने ती क्षणात विखुरली असती. ती जागच्या जागी जोडलेली सापडली तर पाणी संथ होते आणि बेडूक मेल्यावर लवकर गाळाखाली गेला, असा निष्कर्ष निघतो. उलट गोटा झालेले, कडा झिजलेले सुटे हाड सापडले तर ते दूरवरून वाहून आले असण्याची शक्यता असते. मग त्यावरून त्या जागेबद्दल बोलता येत नाही, फार तर वरच्या अंगाच्या प्रदेशाबद्दल बोलता येते.

तिसरा प्रश्न : ज्या दगडात तो सापडला तो दगड काय सांगतो? जाड वाळू किंवा गोटे म्हणजे जोराचे पाणी. पापुद्र्यांसारखा सुटणारा बारीक दगड, ज्याला शेल म्हणतात, तो म्हणजे संथ पाणी. त्याचा रंग सेंद्रिय कार्बनमुळे काळा असेल, तर तळाशी प्राणवायू कमी होता आणि पाला-पाचोळा पुरता कुजला नाही. मुंबईचे बेडूक अशाच काळसर, पापुद्र्यांच्या दगडातून आले. तिन्ही उत्तरे एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा चित्र पक्के होते : ज्वालामुखीच्या प्रदेशातले, संथ आणि गाळाने भरत चाललेले गोड्या पाण्याचे तळे.

मोठे प्राणीच हवेत का?

मुळीच नाही. उलट परिसर ओळखण्यासाठी सर्वात भरवशाचे साक्षीदार डोळ्यांना दिसत नाहीत. ऑस्ट्राकॉड हे शिंपल्यासारखे दोन कवच असलेले, मोहरीहून लहान जलचर. त्यांच्या काही जाती फक्त गोड्या पाण्यात, काही खाडीच्या मचूळ पाण्यात, तर काही समुद्रात राहतात. कॅरासारख्या पाणवनस्पतींच्या चुनखडीयुक्त बीजकणांवरून उथळ, नितळ पाण्याचा अंदाज येतो. फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचे मिळाली, तर तिथे समुद्राचे पाणी पोहोचले होते असे धरता येते.

परागकणांचे महत्त्व आणखी वेगळे. त्यांचे आवरण इतके चिवट असते की प्रयोगशाळेत दगड आम्लात विरघळवला तरी परागकण मागे उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजले की काठावर नेचे जास्त होते की ताड, दलदल होती की कोरडी जमीन, हे कळते. थराच्या तळापासून माथ्यापर्यंत ठरावीक अंतराने नमुने घेतले, तर हा परिसर काळानुसार कसा बदलत गेला तेही वाचता येते. राखेचा पाऊस पडल्यावर कोणत्या वनस्पती गेल्या आणि आधी कोणत्या परतल्या, हा प्रश्न अशाच नमुन्यांतून सुटतो. जोगेश्वरीच्या अंबोली खाणीतील थरांचा असा अभ्यास ब्रिटिश संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. शेवटच्या टप्प्यातील ज्वालामुखीला इथल्या किनारी परिसंस्थेने कसा प्रतिसाद दिला, हाच त्याचा विषय होता.

महाराष्ट्रात इतरत्र अशी उदाहरणे आहेत का?

भरपूर आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी पुरावा वेगळा आहे. नागपूरजवळच्या टाकळी परिसरातील थरांतून मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जीवाश्म गोळा केले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे नाव त्यांच्यावरूनच आहे. त्या थरांतील ‘फायसा’ जातीच्या गोगलगायी पुन्हा तळ्यांकडेच निर्देश करतात.

नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मोहगाव कलाँ येथे निपा पामची अश्मीभूत फळे सापडली आहेत. ही वनस्पती आज सुंदरबन, अंदमानसारख्या खाडीकाठी, खाऱ्या चिखलात वाढते. आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या जागी खाडीचे झाड! समुद्राचा एखादा फाटा मध्य भारतात शिरला होता का, या चर्चेत अशा फळांना म्हणूनच वजन आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा या गावाची कथा तर जगभर गाजली. लाव्हाथरांच्या खालच्या गाळात तिथे डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा मिळते. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आहेत. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच, असे तोवर मानले जाई. वरोरा तालुक्यातील दगडी शेणाने ती समजूत मोडली.

मुंबईचे कासव मुंबईबाहेरचे काय सांगते?

मुंबईच्या अंतरा-ट्रॅपी थरांतून मिळालेल्या आणखी एका कासवाला २००३ मध्ये ‘संकुचेमिस सेठनाई’ असे नाव देण्यात आले. ही कासवे मान आत ओढून घेत नाहीत, ती बाजूला वळवतात. अशी आडव्या मानेची कासवे आज भारतात निसर्गतः नाहीत. ती आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आढळतात. हे सर्व भूभाग एके काळी ‘गोंडवन’ या महाखंडात एकत्र होते. मुंबईचे कासव म्हणजे त्या जुन्या शेजाराचा दाखला आहे.

आजच्या जिवंत प्राण्यांतही त्याचे पडसाद दिसतात. २००३ मध्ये पश्चिम घाटात नोंदवलेल्या जांभळ्या बेडकाचे सर्वात जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर राहतात. मुंबईचे लाव्हाथर बनत असतानाच्या सुमारास सेशेल्सचा तुकडा भारतापासून विलग होत होता. म्हणजे हे खडक जीवाश्मांच्या रूपाने परिसर सांगतात, तसा भूगोलही सांगतात.

मग वाद कशावर आहे?

वयावर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर आणि इतर असंख्य जीव नष्ट झाले. मुंबईची कासवे आणि बेडूक त्या महाविनाशाच्या आधीचे की नंतरचे? आधीचे असतील तर ते डायनोसॉरचे समकालीन. नंतरचे असतील तर ते त्या संकटातून तगलेल्यांचे वंशज, आणि ज्वालामुखीच्या तोंडाशी राहूनही गोड्या पाण्यातले जीव कसे वाचले, हा प्रश्न अधिक रंजक होतो.

यावर एकमत नव्हते. २००३ च्या कासवाच्या शोधनिबंधाने ते महाविनाशाआधीच्या क्रिटेशस काळाच्या शेवटचे मानले. २००५ च्या अंबोलीच्या अभ्यासाने तिथले थर महाविनाशानंतरचे ठरवले. दुसरीकडे, खुद्द लाव्हाखडकांचे वय मोजता येते. खडकातील पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार ठरावीक वेगाने आर्गॉन वायूत बदलतो. साठलेला आर्गॉन मोजला की खडक थंड होऊन किती काळ लोटला हे कळते. हेतू शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भूतानी यांनी २००१ मध्ये या पद्धतीने साकीनाका आणि मनोरीचे ट्रॅकाइट खडक व गिल्बर्ट हिल यांचे वय सुमारे ६ ते ६.२ कोटी वर्षे काढले. २०१७ च्या अभ्यासाने मुंबईत सुमारे ६.२५ कोटी वर्षांपूर्वी जोरदार ज्वालामुखी हालचाल झाल्याचे दाखवले. गिल्बर्ट हिलबद्दल सर्रास सांगितले जाणारे ६.६ कोटी वर्षे हे वय त्यामुळे तपासून घ्यायला हवे.

पण साकीनाक्याच्या खडकाचे वय म्हणजे वरळीच्या बेडकाचे वय नव्हे. बेडकाचा थर कुठल्या लाव्हाच्या खाली आणि कुठल्याच्या वर होता, हे कळले तरच दोन्ही जोडता येतात. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा साधा नियम १६६९ पासून भूशास्त्राचा पाया आहे. तो वापरायला थर मात्र जागेवर हवा. संग्रहालयातल्या कपाटात ठेवलेला बेडूक आपण कसे जगलो ते सांगू शकतो, पण कधी जगलो हे त्याला आपल्या थराशिवाय सांगता येत नाही.

हे थर आज पाहता येतात का?

अडचण इथेच आहे. वरळी आणि मलबार हिलच्या टेकड्या दीडशे वर्षांत इमारतींखाली गेल्या. अंधेरी-जोगेश्वरी पट्ट्यातील दगडखाणींनी एके काळी थर उघडे केले. त्यांनीच मुंबईला खडी पुरवली आणि त्याच खाणी बंद झाल्यावर भराव व बांधकाम आले. गिल्बर्ट हिल २००७ मध्ये महापालिकेच्या वारसा यादीत आली, पण ती डोळ्यांत भरणारी आहे म्हणून. पापुद्र्यांचा, ठिसूळ, काळपट गाळथर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्यामुळे तो वाचवण्याची मागणीही होत नाही.

दुसरीकडे, मुंबईत आज जितके खोल खोदले जाते तितके पूर्वी क्वचितच खोदले गेले असेल. मेट्रो, बोगदे, पुनर्विकासातील तळघरे यांसाठी जमिनीत विंधन घेऊन खडकाचे दंडगोल नमुने काढले जातात. खडक किती भार पेलेल, पाणी किती झिरपेल, हे त्यावरून ठरते. काम झाले की हे नमुने ठेवण्याची जागा आणि कारण दोन्ही संपते. बाकी उत्खनन राडारोडा म्हणून ट्रकमधून निघून जाते. म्हणजे थर उघडे पडतात, पण पाहणारी नजर तिथे नसते. १८४७ मध्ये नेमके याच्या उलट घडले होते.

एक जुने उदाहरण बोलके आहे. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना समुद्रपातळीखालच्या चिखलात मुळांसह उभे असलेले शेकडो वृक्षांचे बुंधे निघाले. काम पाहणाऱ्या अभियंत्याने त्याची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात १८७८ मध्ये छापून आणली. झाडे उभी आणि मुळे रुजलेली, म्हणजे ती वाहून आलेली नव्हती. तिथे जमीन होती आणि ती पुढे पाण्याखाली गेली. गोदी बांधणे थांबले नाही, पण मुंबईची पूर्व किनारपट्टी खचल्याचा पुरावा कायमचा हाती राहिला.

यासाठी कायदा आहे का?

पुरातन वास्तू आणि वन्यजीवांसाठी देशात जुने केंद्रीय कायदे आहेत. महाकालीची लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. त्या लेण्यांचा खडक ज्या काळातला आहे त्या काळच्या जीवाश्मांना तसे कवच नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. भूवैज्ञानिक सर्वेक्षण काही जागांना राष्ट्रीय भूवारसा म्हणून घोषित करते, महाराष्ट्रात लोणार त्यात आहे. परंतु मुंबईतला प्रश्न एखादी जागा कुंपण घालून राखण्याचा नाही. इथे बहुतेक थर बांधकामाच्या वेळी काही आठवडे दिसतात आणि पुन्हा झाकले जातात. गरज आहे ती त्या काही आठवड्यांत नोंद होण्याची.

सर्वसामान्य वाचकाने काय करावे?

सोसायटीच्या पुनर्विकासात किंवा रस्त्याच्या खोदकामात गुळगुळीत, थर सुटणारा काळपट-करडा दगड दिसला, त्यावर पानाचा, शिंपल्याचा, हाडाचा ठसा वाटला तर तो फोडू नये, धुऊ नये. बाजूला एखादे नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे. तो कुठे आणि अंदाजे किती खोलीवर निघाला, वर-खाली कुठला दगड होता, हे लिहून ठेवावे. ही माहिती दगडाइतकीच मोलाची असते. खोदकामाच्या जागेत परवानगीशिवाय उतरू नये. पवईची आयआयटी, शहरातील भूशास्त्र शिकवणारी महाविद्यालये किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांना छायाचित्र पाठवता येते. बहुतेक वेळा उत्तर ‘हा जीवाश्म नाही’ असेच येईल, कारण दगडावरील खनिजांच्या फांद्यांसारख्या खुणा पानासारख्या दिसतात. पण शंभरांत एकदा उत्तर वेगळे येऊ शकते, आणि मरोळच्या खाली कधी काळी तळे होते की दलदल, ते त्या एका दगडावरून ठरू शकते.